स्पिरिटचा वास

दारूबंदीच्या दिवसांत आम्हा शिपायांचं नाक हाच अर्धा पुरावा असे, आणि माझं नाक दौंडच्या ठाण्यात नावाजलेलं. त्याचा मला माजही भारी होता.

एका दुपारी स्टेशनाबाहेर शिरूरच्या मिशन शाळेतले एक मास्तर झोकांड्या खात चालले होते. घामानं निथळत होते, जीभ जड झालेली, सदऱ्याला स्पिरिटचा भपकारा. तेव्हा लोक नशेसाठी स्पिरिटही प्यायचे. मी त्यांना धरलं आणि कोठडीत टाकलं. गजाआडून ते तीनदा म्हणाले, "साखर द्या." मी खदाखदा हसलो. म्हणालो, "आन् दूध बी आणू का, मास्तर?" मग ते निपचित पडले.

संध्याकाळी तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी घाईनं त्यांच्या शिरेत ग्लुकोज सोडलं. मास्तरांना मधुमेह होता, इन्सुलिन टोचून घेत होते; त्या दिवशी त्यानं रक्तातली साखर एकदम उतरली होती. सुईसाठी ठेवलेली स्पिरिटची बाटली पिशवीत फुटून अंगावर सांडली होती. जीव वाचला, पण पुढे वर्गात शिकवताना त्यांना मुलांची नावं आठवेनात. नोकरी गेली. थोरल्या भावाच्या आग्रहावरून त्यांनी माझ्यावर खटला भरला.

साखरेची गंमत मी हवालदारांना त्याच दिवशी सांगून बसलो होतो. ते म्हणाले, "मास्तर काय बोललाच न्हाई, कळलं? बोलला म्हणशील तर नोकरी जाईल, पोलीस लाइनीतली खोली जाईल. पोरं कुठं घिऊन जाशील?" मास्तरांना त्या दुपारचं काहीच आठवत नव्हतं. खटला चालला तितके दिवस पोरांनी चहात साखर मागितली तरी मी खेकसायचो. सगळीकडून कोंडल्यासारखं झालं होतं.

कोर्टानं विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "काही बोलले नाहीत."

मॅजिस्ट्रेटांनी निकाल दिला. कायदा ठाऊक नव्हता ही सबब पोलिसाला चालत नाही. पण समोर दिसलं त्यावरून प्रामाणिकपणे गैरसमज झाला, तर तो गुन्हा नव्हे. हा माणूस आजारी आहे हे कळायला शिपायाला काही मार्गच नव्हता. मी सुटलो. हवालदारांनी पाठ थोपटली.

बाहेर पायऱ्यांवर मास्तर थांबले होते. त्यांनी माझा हात हातात घेतला. "राग धरू नका," ते म्हणाले. "तुम्ही तरी काय करणार? मला नुसतं 'साखर द्या' एवढं जरी म्हणता आलं असतं, तरी तुम्ही धावत जाऊन आणली असती."

मी म्हणालो, "व्हय, मास्तर."