बिनइंजिनाची व्हॅन

नवी मुंबईतल्या बोनकोड्यात देवळामागच्या गल्लीत गीतांजली म्हात्रेचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या पंपाची मोटर जळली की मी ती घेऊन तिच्याचकडे जातो. जळकी तार उपसून ती तांब्याची नवी तार भरते, आणि मेलेली मोटर पुन्हा गुणगुणायला लागते. हे ती आयटीआयत शिकली. मला मात्र अजूनही दर वेळी चमत्कारच वाटतो.

गेल्या दिवाळीनंतर गेलो तर टेबलावर एक अवजड, काळी मोटर. दोघांनाही उचलणार नाही अशी.

"ही कुठल्या पंपाची?"

"पंपाची नाही, फोर्कलिफ्टची. तुर्भ्याच्या भंगारात मिळाली. आमच्या व्हॅनला लावतेय."

मला वाटलं, थट्टा करतेय. तिनं मागच्या अंगणात नेलं. तिथं त्यांची जुनी व्हॅन उभी होती आणि तिचं पेट्रोलचं इंजिन बाजूला दगडाच्या फाडीवर ठेवलेलं.

कारण होतं तिचे सासरे, गोटीराम. शहर नव्हतं तेव्हा त्यांचं खाडीत मिठागर होतं. आता छातीचा आजार. त्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखालीच असतं. पेट्रोलचा वास नाकात गेला की म्हाताऱ्याला धाप लागायची. रिक्षातही तेच. इथून एवढीशी लांब असलेली खाडी त्यांनी दोन वर्षं पाहिली नव्हती.

मोटर तिनं नव्यानं गुंडाळली, मागच्या सीटखाली बॅटऱ्या बसवल्या. अडलं ते मोटर आणि गिअरबॉक्स जोडण्यापाशी. लेथवाल्या वामननं करून दिलेला जोड पहिल्याच दिवशी कडाडून तुटला. मोटर भन्नाट फिरतेय आणि चाकं जागेवर ढिम्म! दुसरा जोड जरासा तिरका निघाला, सगळी व्हॅन थरथरायला लागली.

तिचा नवरा केतन वैतागला. "अगं, घाल आता भंगारात."

"मोटर फिरतेय ना? मग चाकंपण फिरतील."

तिसरा जोड टिकला.

फेब्रुवारीतला रविवार. गाडीला आरटीओची मान्यता नव्हती, म्हणून ती रस्त्यावर चालवायची नाही यावर गीतांजली ठाम. मग गल्लीतल्या लोकांनी गोटीरामना पुढच्या सीटवर बसवून व्हॅन खाडीजवळच्या कच्च्या वाटेपर्यंत ढकलत नेली. वरातच ती. मी आणि केतन मागे बसलो. गीतांजलीनं देवाचं नाव घेतलं आणि पाय दाबला.

काहीच ऐकू आलं नाही. फक्त टायरखालची खडी करकरली आणि कडेची झुडपं मागे सरकायला लागली.

"गाडी बंद परली काय गो?" गोटीरामनी विचारलं.

"नाही बाबा, चालू आहे."

"मंग आवाज कुठं हाय?"

त्यांनी हात खाली नेऊन सीटच्या बुडाला लावून पाहिला. गार होतं. मग ते माझ्याकडे वळून लहान मुलासारखे हसले.

वळणापलीकडे चिखलात फ्लेमिंगो उतरलेले होते, नजर पोचेल तिथपर्यंत गुलाबी. एरवी मोटारसायकल आली तरी थवाच्या थवा उठतो. आम्ही त्यांच्या इतके जवळ गेलो की चोची पाण्यात फिरवल्याचा चुबुकचुबुक आवाज यायला लागला. एकही पक्षी उडाला नाही. गीतांजलीनं गाडी थांबवली.

भरती सुरू झाली होती. चिखलावरून बारीक सळसळ करत पाणी पुढं येत होतं. गोटीरामनी डोळे मिटले.

"पानी येतंय," ते म्हणाले. "मिठागरावर असंच आयकू यायचं. मला वाटलं, माजे कान गेले."

गीतांजलीनं स्टिअरिंगवरचे हात काढले आणि पदरानं तोंड पुसलं.

परतताना सासरे सुनेला मिठागरांच्या जुन्या बांधांची नावं सांगत होते, एकामागून एक. त्यात त्यांना धाप लागली नाही, हे सगळ्यांत आधी केतनच्या लक्षात आलं. त्यानं मागूनच वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला, तो वाटेच्या तोंडाशी थांबलेली गल्लीतली माणसं दिसेपर्यंत काढला नाही.

आरटीओनं घरगुती जोडणीला परवानगी दिली नाही. मान्यताप्राप्त किटच हवं म्हणाले. गीतांजली आता त्याच्या मागे लागली आहे. तोवर जमेल त्या रविवारी गल्ली जमते आणि व्हॅन ढकलते. परवा माझ्या बायकोनंही हात लावला. कच्च्या वाटेवर तिला पुढं बसायला मिळालं, आणि घरी आल्यावर बराच वेळ ती हळू आवाजातच बोलत होती.