उजवा हात वाचला

मी पेणच्या एका कारखान्यात जमिनीवर बसून गणपतीचं पोट घासत होते. तोंडाला ओढणी गुंडाळलेली, फक्त डोळे उघडे. चार हातांवर सुगंधाचा नवरा उभा होता. त्याच्यापासून लपवायचं म्हणूनच तिला मी इथे आणलं होतं. आणि तो मलाही ओळखत होता, कारण पोलिसांबरोबर तिचे कपडे आणायला त्याच्या दारात मीच गेले होते.

मी संरक्षण अधिकारी आहे. घरात मार खाणाऱ्या बाईची तक्रार लिहून घ्यायची, तिला सुरक्षित जागी पोचवायचं, तिचा अर्ज कोर्टात न्यायचा, हे माझं काम. सुगंधा (हे तिचं खरं नाव नाही) रोह्याला माझ्याकडे आली तेव्हा तिचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. "उजवा वाचला," असं ती दोनदा म्हणाली. मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

नवरा रोह्याशेजारच्या अष्टमी गावचा, टेंपो चालवणारा. कोर्टाचा आदेश घेऊ, मग त्याला तुझ्याजवळ फिरकता येणार नाही, असं मी तिला समजावलं. ती ऐकेना.

"नको मॅडम. कागद निघाला की त्याला कळंल मी कुठं हाय. सापडली तर जिती ठेवणार नाय बोललाय."

मग एकच उपाय उरला, कोणाच्या नजरेत यायचं नाही. फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात मी 'गृहिणी' लिहिलं आणि प्लास्टर निघाल्यावर तिला ओळखीच्या कुंदाकाकींच्या कारखान्यात ठेवलं. पेणला गणपती बनवतात त्या जागेला कारखानाच म्हणतात. तिथे पंधरा-वीस बायका पॉलिश पेपरने मूर्ती घासतात. धूळ नाकात जाऊ नये म्हणून सगळ्यांची तोंडं बांधलेली, सगळ्या पायापासून डोक्यापर्यंत पांढऱ्या. राहायला वर माळ्यावर खोली. नंबर बदल, बाजारात जाऊ नकोस, कोणाशी वाद घालू नकोस, असं सगळं मी तिला बजावलं होतं. जागा शोधल्याबद्दल स्वतःवर खूशही होते.

त्या दिवशी मी तिला भेटायला एसटीने गेले, गिऱ्हाईक म्हणून. सरकारी पाटीची गाडी अशा ठिकाणी मी कधीच नेत नाही. आत शिरले तर सुगंधा ब्रश घेऊन मूर्तींचे डोळे काढत होती. याला आखणी म्हणतात. कारखान्यातलं हे सगळ्यात नाजूक काम, ते कोणालाही देत नाहीत.

"आमच्या आखणाऱ्या दादाचा खांदा धरलाय," कुंदाकाकी म्हणाल्या. "अन् हिचा हात बघा तरी! रस्त्यावरची लोकं थांबून बघतात."

लोकं थांबतात, हे ऐकून मी आधी रस्त्याकडे बघितलं.

"घरी सहा वर्सं मीच आखायची," सुगंधा खालच्या आवाजात म्हणाली. "सीझनला तो कच्च्या मूर्ती आणायचा, मी रंगवायची, तो विकायचा."

"मला बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं कुठं?"

"आणि मूर्ती आणायचा कुठून?"

"हमरापुराकडनं. इकडं नाय येत तो."

मी अजून तिला बोलतच होते तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. तिचा ब्रश हवेतच राहिला. "त्याचाच हाय," ती म्हणाली. मी तिच्या हातातला ब्रश काढून डब्यात टाकला. दोघी तोंडं बांधून घासणाऱ्या बायकांच्या रांगेत जाऊन बसलो. एकीने माझ्या हातात पॉलिश पेपर दिला.

तो आत आला. "मावशी, कच्चा माल मिळंल काय? तिकडचा संपला."

"मिळंल की," काकी म्हणाल्या.

तो रंगवलेल्या मूर्तींपाशी थांबला. एका मूर्तीच्या डोळ्यांजवळ वाकून बघत राहिला. "हे कुणी आखलं?"

"आमचा दादा आखतो."

"हा दादाचा हात नाय."

मग तो रांगेकडे आला आणि एकेकीचे हात बघत पुढे सरकू लागला. सगळे हात पांढरे, खरखरीत. माझे स्वच्छ, मनगटाला घड्याळ. सगळ्यांत मिसळून जा म्हणून मी बायकांना सांगत फिरते आणि तिथे उठून दिसणारी मी एकटीच होते. तो माझ्यासमोर थांबला. सुगंधा माझ्या शेजारी होती.

"ही नवीन काय?"

माझा आवाजही त्याच्या ओळखीचा होता. घाबरून मी जोरात घासलं आणि सोंड मोडून माझ्या हातात आली.

"अगो बाय, काय केलंस हे!" कुंदाकाकींचं ओरडणं नाटकी नव्हतं, त्या खरंच संतापल्या होत्या. सगळ्या बायका उठल्या, एकच कालवा झाला. त्या गडबडीत सुगंधाने मोडकी मूर्ती उचलली, तोंडासमोर धरली आणि मागच्या अंगणाकडे निघाली. नवरा वाटेतच होता. त्याने मूर्तीला हात जोडले आणि बाजूला होऊन तिला वाट दिली.

टेंपो भरून झाल्यावर तो काकींना म्हणाला, "आखणाऱ्याला भेटायचंय मला. मंगळवारी येतो." त्याला नेमकं किती कळलं होतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

मागच्या अंगणात सुगंधा मूर्ती पोटाशी धरून बसली होती. "मॅडम," ती म्हणाली, "काढा तो कागद."

आम्ही तिथेच बसून फॉर्म पुन्हा भरला. 'गृहिणी' तिने मला खोडायला लावलं. मंगळवारच्या आत कोर्टाचा अंतरिम आदेश हातात पडला. नशीब म्हणायचं, दर वेळी इतक्या लवकर मिळत नाही. तो आला तेव्हा दारात हवालदार कागद घेऊन उभा होता. नवऱ्याने सही केली, आतल्या मूर्तींकडे एकदा बघितलं आणि गेला. पुन्हा आलेला नाही. सुगंधा तिथेच आखणी करते. बसते मात्र अजून दाराकडे तोंड करून, आणि हॉर्न वाजला की तिचा ब्रश थांबतो.

बाईला लपवायचं तर नुसतं तोंड झाकून भागत नाही, तिच्या हातचं कामही ओळखू येतं, हे मला कुठल्याच ट्रेनिंगमध्ये कोणी सांगितलं नव्हतं. फॉर्मवर त्यासाठी अजून रकाना नाही. म्हणून व्यवसाय लिहायच्या आधी मी तोंडी विचारते, तुझा हात कशात चांगला आहे? बहुतेक जणी म्हणतात, कशातच नाही. मग मी पेन खाली ठेवते आणि थांबते.