कानापर्यंत न पोचलेला हात

देशाच्या आरोग्याची काळजी दिल्लीत कोण वाहतं मला ठाऊक नाही. पुण्यात ती सर्वस्वी माझ्या बायकोच्या मामांकडे आहे. हयातभर मार्केट यार्डात एका कांदा-बटाट्याच्या व्यापाऱ्याकडे कारकुनी केली, आता धायरीत दोन खोल्यांत एकटे राहतात. पेन्शन नाही, मूलबाळ नाही. पण सत्तरी पुरी केलेल्यांना सरकारी कार्डावर मोफत उपचार मिळणार हे जाहीर झालं, आणि मामांना दुसरा विषयच उरला नाही. सरकार दिल्लीचं असो की मुंबईचं, आरोग्यमंत्र्यांना त्यांचं एकच पत्र जातं, फक्त वरचं नाव बदलतं. मजकूर असा, की वयाची अट काढा, माणूस जन्मदाखला बघून आजारी पडत नाही. मी एकदा विचारलं, "मामा, सगळ्यांनाच फुकट द्यायचं तर पैसा आणायचा कुठून?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "जावईबापू, तुम्ही आजारी पडल्यावर कुठून आणता? तिथूनच. फक्त आधी आणायचा आणि सगळ्यांनी मिळून आणायचा, एवढंच माझं म्हणणं."

आसपासच्या सगळ्या म्हाताऱ्यांची कार्डं मामांनी काढून दिली. भांडी घासून घासून अंगठ्याच्या रेषा गेलेल्या एका आजींना त्यांनी चार वेळा केंद्रावर नेलं आणि पाचव्या वेळी मशीनलाच शरण आणलं. पण नुसतं कार्ड काढून मामांचं समाधान होत नसे. ते चालतं का, याची ते तालीम घेत. म्हणजे धडधाकट अवस्थेत इस्पितळात जायचं, रांगेत उभं राहायचं आणि चौकशी करायची. एकदा मलाही नेलं. खिडकीतल्या मुलीला मामा म्हणाले, "समजा उद्या मी चक्कर येऊन पडलो, तर कार्ड कोणी दाखवायचं? मी की मला उचलणाऱ्याने?" मुलीने मान वर न करता सांगितलं, "काका, आधी पडा तर खरं." मामांनी ते वहीत लिहून घेतलं आणि बाहेर आल्यावर म्हणाले, "उत्तर उद्धट आहे, पण मार्गदर्शक आहे."

आता या सगळ्यातली मेख सांगतो. कार्ड सगळ्यांचं झालं, मामांचं होईना. मामांच्या गावी मास्तर पोराचा उजवा हात डोक्यावरून घेऊन डाव्या कानाला लावायला सांगत. हात पोचला तर पोर सहा वर्षांचं, शाळेत घ्या, जन्मतारीख एक जून. मामांचे हात आखूड. सहाव्या वर्षी कान हाती लागला नाही, सातव्या वर्षीही लागला नाही. आठव्या वर्षी लागला तेव्हा मास्तरांनी बिनदिक्कत सहा लिहिले. माझ्या सासूबाई त्यांच्या धाकट्या बहीण, पण हात लांब. त्या पाचव्या वर्षीच कान धरून मोकळ्या झाल्या. त्यामुळे कागदोपत्री त्या मामांच्या थोरल्या बहीण आहेत आणि त्यांच्याकडे कार्ड आहे. एकाहत्तर वर्षांचे मामा सरकारच्या लेखी एकोणसत्तरचे.

दिवाळीनंतर मामांना जिना चढताना धाप लागायला लागली. हृदयाची झडप बदलावी लागेल, असं निघालं. मामा म्हणाले, "जूनमध्ये करू. तेव्हा कागदावर सत्तर पुरी होतील." डॉक्टर म्हणाले, "झडपेला जून कळत नाही." आम्ही भाचे-जावई खर्च वाटून घ्यायला तयार होतो, तर मामा ऐकेनात. "मंत्र्यांना मी इतके दिवस काय लिहीत आलो? हे घरच्यांवर पडता कामा नये. आणि मीच घरच्यांवर पडू?" बायको रडली, मी चिडलो, काही उपयोग झाला नाही. मला खरंच भीती वाटत होती. हा माणूस तत्त्वापायी जाईल, असं वाटत होतं.

मग सासूबाई धायरीला आल्या. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, कार्डावर, मामांनीच खेटे घालून ठरवलेलं. त्यांनी कार्ड मामांपुढे ठेवलं. "दादा, हे परत घे. तुझं होईपर्यंत मीही नाही करून घेणार. जूनमध्ये दोघं जाऊ."

"तुला चालता येत नाही, ताई," मामा म्हणाले. धाकट्या बहिणीला ते लाडाने ताई म्हणतात.

"तुला श्वास घेता येत नाही. मी बसून राहीन. तू काय करशील?"

मामांनी कार्ड उचलून सासूबाईंच्या हातात परत ठेवलं. मग माझ्याकडे वळून, नेहमीच्या कारकुनी आवाजात म्हणाले, "इस्पितळात भरतीचा फॉर्म आणा. वय मात्र मी एकाहत्तर लिहिणार."

दोघांचीही ऑपरेशनं नीट झाली. एक जूनला सगळे धायरीत जमलो. सासूबाई नव्या गुडघ्यावर जिना चढून आल्या. मामांचं कार्ड त्याच सकाळी निघालं होतं, ज्या कामासाठी हवं होतं ते आमच्या पैशांनी होऊन गेलेलं. मामांनी ते उलटसुलट पाहिलं आणि मंत्र्यांना लिहिलेल्या पत्रांच्या फायलीत ठेवून दिलं. हल्ली पत्रं कमी झाली आहेत. बोलणंही हळू झालंय, आणि मला त्यांच्याशी वाद घालायची फार आठवण येते. त्या दिवशी फाईल ठेवल्यावर काय मनात आलं कोण जाणे, मामांनी उजवा हात उचलला आणि डोक्यावरून डाव्या कानाकडे न्यायला लागले. ऑपरेशनपासून खांदा धरलाय. हात टाळूपाशीच थांबला. सासूबाई उठल्या, त्यांनी तो हात धरला आणि हळूच पुढे सरकवून कानाला लावला.

"पोचला बघ, दादा," त्या म्हणाल्या, आणि तो तसाच धरून उभ्या राहिल्या.