सरदारची टायरांची जोडी

येरमाळ्याचा सरदार बैलांचा दलाल होता. म्हणजे खोटं बोलणं हा त्याचा इमानदारीचा धंदा. म्हाताऱ्या बैलाची शिंगं तासून, तेल चोळून त्याला तरणाबांड म्हणून बाजारात उभा करावा तर सरदारनंच! घेणारा बैलाच्या तोंडात हात घालून दात बघायच्या आत हा त्याच्या खांद्यावर हात टाकून चहाला घेऊन गेलेला असायचा.

असल्या माणसानं निजामाच्या एका रिटायर जमादाराकडून जुनी फटफटी घेतली आणि वरच्यानं न्याय केला. फटफटीला दात नसतात. त्यामुळं तिचं वय सरदारला कधी कळलंच नाही.

लढाईचे दिवस होते, रबर सगळं तिकडं गेलेलं. टायर झिजून आतलं सूत दिसायला लागलं, तरी हा म्हणायचा, "जुनं जनावर रस्ता वळखतंय." ट्यूब गेली तेव्हा यानं मागच्या टायरात कडबा ठासला. आता बोला! फटफटी बाजारातून निघाली की बैल माना वळवून चाकाकडं बघायचे आणि माणसं विचारायची, "सरदारभाई, हिची वैरण झाली का न्हाय आज?"

त्याच कडब्याच्या भरवशावर तो बायकोला, जैनबबीला, मागं बसवून तिच्या माहेरी लोहाऱ्याला निघाला. लोहारा कोसभर राहिला आणि मागचा टायर फाटला. फटफटी इकडं, जैनबबी तिकडं बाभळीच्या काट्यात. ती उठली, काटे झटकले आणि पायी भावाच्या घरी निघून गेली. मागून सरदार फटफटी ढकलत पोचला, तर दाराला आतून कडी. तिचा भाऊ शब्बीर तेवढा बाहेर आला.

"दुल्हेभाई, ती म्हणतीया, म्या परत जायची न्हाय."

"आन् का?"

"ते तुमीच वळखा म्हणतीया."

सरदारनं वळखलं. टायर! दुसरं काय असणार? मिशीला पीळ देत त्यानं फटफटी शब्बीरच्या अंगणात लावली आणि मोटारीत बसून सोलापूर गाठलं. वरून ऐट, पण आतून गडी पार भेदरला होता. साऱ्या बाजाराशी खोटं बोलून घरी आल्यावर तो फक्त जैनबबीपुढं खरं बोलायचा. ती गेली तर खरं बोलायला त्याला जागाच उरणार नव्हती.

सोलापुरात चन्नबसप्पा म्हणून जुन्या टायरांचा व्यापारी होता. त्यानं दोन टायर काढून समोर ठेवले. एकावर लांब सरळ रेघा, दुसऱ्यावर जाडजूड गट्टे.

"हा रेघांचा पुढं घाला, चांगला वळतो. गट्ट्यांचा मागं, तो जमीन धरतो. माल चोख हाय बघा."

सरदार गालात हसला. "आण्णा, म्या जनम बैलांत काढला. विजोड बैल एका जुवाला बांधले की दोघंबी मरतेत. जोडी दाखवा."

"अवो, हे काय औताला जुंपायचं हाय का? एक म्होरं पळतंय, एक मागं!"

"जोडी दाखवा."

तेवढ्यात त्याची नजर दारावर गेली. तिथं दोन टायर टांगलेले होते. एकसारखे, काळेभोर, चकचकीत.

"ते विकायचे न्हाईत," चन्नबसप्पा म्हणाला. "मेलेले हायेत ते. डांबर फासून पाटीऐवजी टांगलेत."

आता दलालाला दलाली कोण शिकवणार? विकायचं नाही म्हणतोय म्हणजे माल अस्सल! ही चाल तर सरदार स्वतः दर बाजारी खेळायचा. त्यानं हट्टानं तीच जोडी उतरवून घेतली. चन्नबसप्पानं विभूतीसकट कपाळावर हात मारला.

लोहाऱ्यात परत येऊन त्यानं पहार आणि शब्बीरच्या घरातल्या दोन पळ्या वापरून टायर चढवले. पळ्या कायमच्या वाकल्या. मग तो दारात जाऊन ओरडला, "अगं, भाईर ये! राजबिंडी जोडी आणलीया. एक खोट काढून दाव, मिशी उतरवतो."

जैनबबी आली. दलालाचीच बायको ती. वाकून तिनं अंगठ्याच्या नखानं टायर खरवडला. डांबराचा पोपडा निघाला आणि खाली उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारख्या भेगा.

"मिशी कवा उतरवताव?"

सरदार मटकन चाकापाशी बसला. "मेलो! अगं, हितंबी भेग... ही बघ, हितंबी..." आणि टायरावरून हात फिरवत राहिला.

"आत्ताबी तितंच बसलाव," जैनबबी म्हणाली.

"कुठं?"

"चाकापाशी. त्या दिशी म्या काट्यात पडले. तुमी उठलाव आन् पळत फटफटीकडं गेलाव. तिला उभी केली, पुसली, वर तिला इचारलं, लागलं का गं? आन् मला काय म्हणलाव? पाना कुठं पडला बघ!"

शब्बीरला एकाएकी खोकला आला. कोंबड्या हाकायच्या निमित्तानं तो घरामागं पसार झाला.

सरदारच्या जिभेवर बाजारातली शंभर उत्तरं होती. ती सगळी त्यानं गिळून टाकली. त्याला लाज वाटली, अगदी खरीखुरी.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "लई चुकलं. त्या आण्णानं चांगले टायर दावले हुते, तेच आणतो. आन् फिरून पडलोच, तर आधी तुला उचलतो. कसम खुदाची."

"उचलायला म्या बैल हाय का?" जैनबबीनं पदराखालचा हात बाहेर काढला. कोपरापासून मनगटापर्यंत ओरखडे होते, अजून न सुकलेले.

सरदारनं ते पहिल्यांदाच बघितले. डांबरानं माखलेले हात पायजम्याला पुसून त्यानं तो हात हळूच धरला.

"लागलं का गं?"

"व्हय," ती म्हणाली. "लई." आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं रडू तिला आत्ता कुठं फुटलं.