चादरीखालचा टीव्ही

ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या जाईच्या कळ्यांचा वास आला की मला टीव्हीच आठवतो. लग्न होऊन वसईत आले तेव्हा आमच्या आळीत एकच टीव्ही होता, शेजारच्या काकींकडे, लाकडी दारांच्या पेटीतला. संध्याकाळी आम्ही बायका वाडीतल्या कळ्या घेऊन तिथे गजरे ओवायला बसायचो आणि कुठली मालिका चांगली यावरून वाद घालायचो. माझ्या सासूबाईंना सासू-सुनांच्या भांडणांची आवडायची. काकींचं माहेर चांदीप गावचं, बोलणंही तिकडचंच. त्या मात्र सगळ्यांना हरवलेल्या मुलाची मालिका बघायला लावायच्या. "रडकी आहे, पन बघा. तो पोरगा परत येनार," म्हणायच्या. त्याच पावसाळ्यात त्यांचा धाकटा मुलगा राजोडीच्या समुद्रात बुडाला. टीव्हीची दारं लागली, वर चादर पडली. तेरावं झालं तरी ती काढा म्हणायला कुणाची जीभ रेटेना. मग एका संध्याकाळी काकीच आमच्या ओट्यापाशी आल्या. "चला, आपली मालिका लागेल," म्हणाल्या. त्यांनीच चादर काढली आणि कळ्या पुढ्यात घेऊन आम्ही ओवायला बसलो. नेमका त्या दिवशी मालिकेतला मुलगा घरी आला आणि दारातच आईच्या गळ्यात पडला. सासूबाई टीव्ही बंद करायला उठल्या, तसा काकींनी त्यांचा पदर धरला. "असू दे," म्हणाल्या, "कुनाचा तरी आला ना." आणि हातातला गजरा पुरा ओवला. आता मी एकटीच मालिका बघते, आणि त्यात कुणी घरी परत आलं, की वाढलेलं ताट निवलं तरी टीव्हीपुढून उठत नाही.