बॉयलरजवळची खुर्ची

मी स्वप्नाळू बाई नाही, हे आधीच सांगून ठेवते; कारण पुढे जे झालं ते सगळं मी झोपेत असताना झालं.

जर्मनीतल्या ब्योब्लिंगेनमधलं आमचं भाड्याचं घर तीन मजली. तळाला फ्राऊ क्राउस, मध्ये आम्ही, वर हेर लुट्झ. आणि सगळ्यांच्या खाली, तळघरात, बॉयलर. तिन्ही घरं तोच गरम ठेवतो आणि त्याला सांभाळायचं काम भाडेकरूंचं, असं करारातच आहे. घरमालक लांब राहतो. (हुशार आहे.) या भागात जिना पुसायचासुद्धा आठवडा ठरलेला असतो, ज्याचा आठवडा त्याच्या दाराला पाटी. आमच्याकडे तशी बॉयलरचीही एक पाटी आहे, लहानशी, लाकडी, 'हाइत्सवोख', म्हणजे हीटिंगचा आठवडा, असं कोरलेली. ती दाराला लागली की आठवडाभर तुम्ही खाली जायचं, पाण्याच्या दाबाचा काटा बघायचा, काटा उतरला असेल तर नळ उघडून पाणी भरायचं, खोली झाडायची.

पहिला अख्खा हिवाळा ती पाटी आमच्या दाराला लागलीच नाही. फ्राऊ क्राउसच्या दारावरून निघायची आणि आमच्या नाकासमोरून थेट हेर लुट्झकडे जायची!

शेवटी मी जिन्यातच गाठलं त्यांना. "फ्राऊ क्राउस, आम्ही जिना पुसतो, बर्फ काढतो. मग बॉयलर का नाही?"

"आल्झो, असं बघा फ्राऊ नेने," त्या म्हणाल्या, "तुम्ही गरम देशातल्या. तुम्हाला ऊब आयती मिळते. आणि तो फार नाजूक आहे."

"कोण?"

"तो!" त्यांनी बोटाने जमिनीकडे दाखवलं. आवाज असा, की जणू खाली त्यांचे सासरे झोपलेत.

"माझे मिस्टर मेकॅनिकल इंजिनिअर आहेत," मी शेवटचं अस्त्र काढलं.

श्रीकांत मागे उभाच होता. "मी गाडीच्या इंजिनाचं कूलिंग बघतो," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "हीटिंग माझ्याकडे येत नाही."

असा नवरा असल्यावर बाईला सगळं स्वतःच मिळवावं लागतं. मी मिळवलं. या नोव्हेंबरात पाटी आमच्या दाराला लागली आणि फ्राऊ क्राउस मला दीक्षा द्यायला तळघरात घेऊन गेल्या.

खोली लहान. हिरव्या पत्र्याचा बॉयलर मध्यभागी संथपणे गुरगुरत होता. वर छताशी एक झरोका, त्यातून धुक्याचा दुधाळ उजेड. आणि भिंतीशी एक जुनी लाकडी खुर्ची, तिच्या पाठीला विणलेल्या गुलाबाची उशी.

"काटा हिरव्या पट्ट्यात हवा. नळ उघडला की उभं राहायचं. काट्यावर नजर. लाल पट्ट्याच्या आधी नळ बंद. कळलं?"

"गेनाऊ, बरोबर," मी म्हणाले. "आणि ही खुर्ची?"

"ती बसायची नाही."

"मग कशाची आहे?"

त्यांनी खुर्चीवरची उशी सरळ केली. "बसायची नाही," पुन्हा म्हणाल्या आणि वर निघाल्या. जिन्यात मात्र थांबल्या. "शनिवारी माझा ऐंशीवा वाढदिवस. बहीण येत्येय हॅम्बर्गहून. दर वेळी म्हणते, हिल्डे, तुझं घर थंड. या वेळी घर गरम हवं, फ्राऊ नेने. तुमच्या भरवशावर आहे."

विश्वास टाकला म्हणजे कसा, थेट डोक्यावरच!

आता यात माझ्या सासूबाई येतात. त्या आदल्याच आठवड्यात सोलापूरहून आल्या होत्या आणि तेव्हापासून दोन स्वेटर, शाल आणि श्रीकांतचे पायमोजे घालून हीटरला टेकून बसल्या होत्या. त्यांना मी तळघर दाखवायला नेलं. दार उघडलं आणि त्यांनी शाल खाली सोडली.

"अगं मेधा! इथे तर मे महिना आहे!"

"आई, ही बॉयलरची खोली आहे."

"असू दे गं. एवढं ऊन वाया चाललंय!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी साबुदाणा भिजत घातला. मग तो शिजला, त्यात जिरं, मिरची, आणि तळघराच्या फरशीवर जाड प्लॅस्टिक अंथरून त्यावर पळी पळीने पापड्या घातल्या गेल्या. मी विरोध केला नाही. (खोली झाडायची, एवढाच नियम होता. पापड्या घालू नयेत असं करारात नव्हतं. मी वाचला पुन्हा.) चार-पाच कोरड्या झालेल्या त्यांनी वर फळीवर उचलून ठेवल्या. हेर लुट्झ जिन्यात नाक वर करून म्हणाले, "आज बॉयलरला काहीतरी छान वास येतोय."

शनिवार उजाडला तो शुभ्र धुक्यात. समोरचं झाड नाही, रस्ता नाही. घर जणू कापसात गुंडाळून कुणी माळ्यावर ठेवून दिलेलं. मी मात्र कामाला लागले. हीटरमध्ये हवा अडकली की तो नीट तापत नाही, हे मला माहीत होतं. म्हणून किल्ली घेऊन तिन्ही मजल्यांवरच्या प्रत्येक हीटरची हवा काढली. फ्राऊ क्राउसच्या न्हाणीघरातलासुद्धा सोडला नाही. घरभर सुस्कारे! आणि हवा इतकी निघाली, की दुपारी खाली जाऊन बघते तर काटा पार तळाला.

नळ उघडला. काट्यावर नजर ठेवून उभी राहिले. सासूबाई बाजूला पालथ्या क्रेटवर बसून पापड्या उलटत होत्या.

"बस की गं जरा. सकाळपासून क्षणभर टेकली नाहीस."

"उभं राहायचं असतं आई, नियम आहे."

"बसून काय काटा दिसत नाही?"

हा मुद्दा बिनतोड होता. मी बसले.

त्या खुर्चीबद्दल काय सांगू! पाठ जिथे दुखते तिथे तो गुलाब बरोबर येतो. बॉयलर गुरगुरत होता, नळातून पाणी बारीक आवाजात चाललं होतं, झरोक्यातून धुकं आत डोकावत होतं. जिऱ्याचा वास. काटा हळूहळू हिरव्याकडे सरकत होता. मी त्याच्याकडे बघत होते. फार लक्ष देऊन बघत होते. मान कलली ती फक्त तिरक्या कोनातून नीट दिसावं म्हणून.

मग मी सोलापुरात गच्चीवर होते. समोर पापड्याच पापड्या, पांढऱ्या, पातळ, आणि ऊन असं की त्या आतून उजळत होत्या. वारा सुटला तशा एकेक उचलल्या गेल्या आणि चंद्रासारख्या माझ्या डोक्यावरून संथ निघाल्या. मी म्हटलं, "अगं, जाऊ नका, अजून वाळायच्यात!" त्या हसल्या आणि गेल्या. आणि मग गच्चीच्या कठड्यापाशी समुद्र आला. सोलापुरात समुद्र कुठून आला, हा प्रश्न मला पडला होता. पण स्वप्नात चौकशीची खिडकी नसते. पाणी कोमट होतं. मी आधी चपला काढून बाजूला ठेवल्या, मग पाय सोडून बसले. इतकं छान मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"मेधा! अगं ऊठ! पूर!"

डोळे उघडले. समुद्र तिथेच होता!

काटा लाल पट्टा ओलांडून पलीकडे टेकला होता. बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून त्यातून पाणी धो धो पडत होतं. एरवी ते फरशीतल्या जाळीतून वाहून जातं. पण अर्धओल्या पापड्या प्लॅस्टिकवरून तरंगत निघाल्या होत्या, आणि जाळीपाशी जमून त्यांची पुन्हा खळ झाली होती. जाळी गच्च! पाणी दाराखालून बाहेर चाललं होतं, माझी एक चप्पल त्याच्यावर स्वार होऊन. आणि बॉयलर गप्प. लाल दिवा लावून, तोंड फिरवून बसल्यासारखा.

"तुम्ही उठवायचं नाही का मला?" नळावर झडप घालत मी ओरडले.

"कशी उठवणार? मी पण झोपले होते!"

श्रीकांतला हाक मारली. तो जिन्यात थांबून विचारात पडला. "ही सिस्टीम ओपन आहे का क्लोज्ड?"

"आत्ता सगळ्यांसाठी ओपन आहे! बादली आण!"

बादली आली. पण तिच्या मागून फ्राऊ क्राउस आल्या. निळा रेशमी ब्लाउज, केस सेट केलेले, आणि मागे हातात केकची बशी घेतलेली हॅम्बर्गची बहीण, अंगात ओव्हरकोट! म्हणजे वर घर गार पडायला लागलं होतं.

"हो, हो," बहीण पाण्याकडे बघत म्हणाली. "हिल्डे, मला वाटलं बंदर आमच्याकडेच आहे."

फ्राऊ क्राउस दारातच थांबल्या. त्यांनी पाणी बघितलं. काटा बघितला. जाळीत कोपरापर्यंत हात घालून खळ उपसणाऱ्या सासूबाई बघितल्या. गेली माझी पाटी, मी मनात म्हटलं. आता ती आमच्या दाराला पुन्हा लागायची नाही. मग त्यांची नजर माझ्या गालावर येऊन थांबली. मी हात लावून बघितला. उशी घसरून गालाखाली आली असावी. विणलेला अख्खा गुलाब गालावर उमटला होता, पाकळ्यांसकट.

"फ्राऊ क्राउस, मी उभीच होते," मी म्हणाले.

तेवढ्यात बहीण पुढे वाकली. चष्मा वर केला. "थांब, थांब! हे फूल मला माहीत आहे. हिल्डे, मी यायची तेव्हा दर वेळी तुझ्या गालावर असायचं ते! तू म्हणायचीस, पुरळ आलंय!"

जाळीतून शेवटची खळ निघाल्याचा गट्ट असा आवाज.

"म्हणजे म्हणून तुझं घर थंड!" बहीण केकची बशी हलवत म्हणाली. "आणि मी इतकी वर्षं तुला लोकरीचे मोजे विणून पाठवत्येय!"

फ्राऊ क्राउस ब्लाउजच्या वर, कानापर्यंत लाल झाल्या. "खुर्ची फार चांगली आहे," त्या हळूच म्हणाल्या. "टाकवत नाही."

श्रीकांतने एका हीटरमधून जादा पाणी काढलं आणि बॉयलरचं बटण दाबलं. (कूलिंगवाल्याने!) बॉयलर खाकरला आणि सुरू झाला. ऐंशीवा वाढदिवस पाहुण्यांनी ओव्हरकोटातच साजरा केला. फळीवर वाचलेल्या पापड्या सासूबाईंनी तळून खाली पाठवल्या, त्यातल्या बहुतेक बहिणीने खाल्ल्या. पाहुणे उठले तेव्हा हीटर नुकते तापायला लागले होते.

पाटी मात्र गेली नाही. उलट शिक्षा म्हणून फ्राऊ क्राउसनी जाहीर केलं, की हा हिवाळाभर हाइत्सवोख आमचीच. मी चेहरा शक्य तितका पाडला. "मी जात जाऊ का खाली?" श्रीकांतने विचारलं. "तुला नाही जमायचं," मी म्हटलं. सासूबाई प्लॅस्टिक धुऊन वाट बघताहेत. परवा दुपारी मी खाली गेले तर खुर्ची आधीच कोमट होती, आणि जिन्यात फ्राऊ क्राउस गाल चोळत वर जाताना भेटल्या. दोघींनी हवापाण्याबद्दल बोलून घेतलं.

मी स्वप्नाळू बाई नाहीच. हल्ली तर एकदम शिस्तीत काम करते: आधी नळ बंद करते, मग झोपते.