शिंपल्यांना खत म्हणणारी बाई

तिला पाठीमागे सगळे आडमुठी म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं. सतरा वर्षं ती समुद्रशेवाळाच्या शेतीवर कामाला होती. खाडीत पिंपांच्या आधारानं तरंगणारे लांब दोर, दोरांवर वाढणारं शेवाळ आणि त्यातच घुसून बसणारे काळे शिंपले. ते खरवडून काढणं हे तिचं काम. बोटांना चिरा पडायच्या, खाऱ्या पाण्यानं झोंबायच्या.

एका उन्हाळ्यात तिच्या ध्यानात आलं, की शेजारी कुणाची तरी शिंपल्यांची शेती आहे, त्या बाजूच्या रांगेतलंच शेवाळ गडद आणि जाड येतंय. बाकीचं फिकट, हात लावला की तुटणारं.

"प्रवाहाचा खेळ आहे तो," मुकादम म्हणाला. "शिंपले म्हणजे कीड. काढा."

"कीड पान खाते. हे खातात का?"

"बाई, तुम्हाला खरवडायला ठेवलंय, डोकं चालवायला नाही."

ते तिला लागलं. दुसऱ्या दिवशी तिनं खरवडलेले शिंपले जाळीच्या पिशव्यांत भरले आणि थेट शेवाळाच्या दोन दोरांना टांगले. होडीत तिची धाकटी जाऊ होती. ती घाबरली. "जाऊबाई, दोघींनाही घरी बसवतील!"

"तू होडी सांभाळ. बाकी माझ्यावर ढकल."

डाव फसला. वजनानं दोर खाली गेले, शेवाळाला ऊन मिळेना, ते कुजलं. मुकादमानं तो बुळबुळीत लगदा सगळ्यांसमोर तिच्या पायाशी टाकला. "घ्या तुमचं संशोधन!" लोक हसले.

"बांधायची जागा चुकली," ती म्हणाली. "शिंपले नाही चुकले."

आणि दिवसाढवळ्या, त्याच्या डोळ्यांदेखत, तिनं त्याच पिशव्या वीस हात लांब, प्रवाहाच्या वरच्या अंगाला, वेगळ्या दोरावर बांधल्या.

"कामावरून काढीन!"

"काढा. पण कापणीत तोलून बघा, मग काढा."

कापणी तोंडावर होती आणि तिच्यासारखा हात कुणाचा चालत नव्हता. मुकादम दातओठ खात निघून गेला.

कापणीत त्या पिशव्यांपुढच्या रांगेचं शेवाळ इतरांच्या दीडपट भरलं. पाणी तपासायला आलेल्या बाईंनी कारण सांगितलं: शिंपले पाणी गाळून खातात, त्यांच्या मलमूत्रातून खत सुटतं. उन्हाळ्यात पाण्यातलं खत संपतं, तेव्हा शेवाळाला ते लाभतं. पाणी निवळतं, म्हणून ऊनही खोलवर जातं.

"कल्पना कुणाची?"

मुकादम खाकरला. "आम्हीच जरा करून बघितलं."

"आम्ही नाही," ती पुढे आली. "मी. आणि ही माझी जाऊ. तुम्ही हसत होता."

पुढच्या हंगामात सगळे दोर तिच्या सांगण्यावरून मांडायचं ठरलं. मात्र दोरांच्या मांडणीची प्रमुख हा हुद्दा तिला नुसता तोंडी दिला. "कागदावर द्या," असं म्हणून ती बांधलेल्या होडीत बसून राहिली. चौथ्या दिवशी मुकादम कागद घेऊन धक्क्यावर आला. तिनं तो उभ्या उभ्या वाचला, त्यातली एक चूक दाखवून परत पाठवला. दुरुस्त होऊन आला, तेव्हाच तिनं होडी सोडली.